गणित, प्रारंभिक (सातारा व सांगली जिल्हे)

इयत्ता पहिली ते तिसरीतील मोजणी, संख्यांची तुलना, दशक-एककाची जाण, बेरीज-वजाबाकी आणि गुणाकाराची ओळख यांचे शिक्षण. येथे या दोन जिल्ह्यांतील, मुख्यतः जिल्हा परिषदेच्या, मराठी व कन्नड शाळांच्या संदर्भात विचार केला आहे.

पूर्वपरंपरा : धूळपाटीवर अंक गिरवणे आणि तालावर उजळणी म्हणणे ही जुनी रीत. पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, अडीचकी व औटकी (साडेतीनचा पाढा) पाठ करून घेत. आणे-पैचा व शेर-मणाचा व्यवहार त्यावर चाले. 1 एप्रिल 1957 पासून दशमान नाणी आली, पाठोपाठ मेट्रिक मापे आली आणि अपूर्णांकांच्या पाढ्यांची रोजची गरज संपली. पाठांतराची सवय मात्र टिकली.

संख्यानामे : प्रारंभिक गणितातील सर्वांत मोठी अडचण इथे आहे. मराठीत एकक आधी बोलतात आणि दशक आधी लिहितात. ‘त्रेपन्न’ ऐकताच मूल आधी 3 लिहिते, मग 5. पाटीवर 35 उमटतात. हा निष्काळजीपणा नव्हे, कानाने ऐकलेला क्रम हाताने पाळलेला असतो. त्यात ‘एकोणतीस’सारख्या नावात पुढच्या दशकाचा उच्चार होतो, एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हीच तऱ्हा, आणि नव्याण्णव त्याला अपवाद.

जत तालुक्याच्या (जि. सांगली) कन्नडभाषक गावांतील मुलांपुढे हा पेच येत नाही. कन्नडमध्ये 21 म्हणजे ‘इप्पत्तोंदु’, अर्थात वीस-एक. 53 म्हणजे ‘ऐवत्तमूरु’, पन्नास-तीन. बोलणे आणि लिहिणे एकाच दिशेने चालते.

बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 2019 मध्ये रूढ नावांबरोबर ‘वीस एक’, ‘पन्नास तीन’ असे वाचनही दिले गेले. तेव्हा गणित विषय समितीच्या अध्यक्षा गणितज्ञ मंगला नारळीकर (1943–2023) होत्या. या बदलावर मोठा वाद झाला. भाषेचे रूप बिघडेल हा एक पक्ष, मुलाला संख्येची घडण कळेल हा दुसरा.

कुमठे बीट : सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालील शाळांचा गट) शाळांनी विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या मार्गदर्शनाखाली ज्ञानरचनावादी पद्धत राबवली. फरशीवर रंगवलेल्या आकृत्यांभोवती मुले गटाने बसत. चिंचोके, खडे, मणी, काड्या हाताळत. राज्यभरातून शिक्षक या शाळा पाहण्यास येत. 22 जून 2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासननिर्णयाच्या काळात या प्रयोगाचे नाव सर्वत्र झाले. अनुकरणात काही ठिकाणी फरशीच तेवढी रंगली, असाही आक्षेप घेतला जातो.

साधने व कृती : दहा काड्यांचा रबर लावलेला गठ्ठा म्हणजे दशक. 43 मधून 27 वजा करायचे, तर समोर चार गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या ठेवतात. सात सुट्या देता येत नाहीत, म्हणून मूल एका गठ्ठ्याचा रबर काढते; तेरा सुट्या होतात. त्यांतून सात आणि उरलेल्या तीन गठ्ठ्यांतून दोन काढले की एक गठ्ठा, सहा काड्या : 16. रबर स्वतः काढलेल्या मुलाला ‘हातचा घेणे’ वेगळे समजवावे लागत नाही. गणितमाळेत (शंभर मणी, दर दहांनी रंग बदलणारे) संख्येची जागा दिसते.

घर : भाकऱ्या, अंडी, सुटे पैसे मोजणे. घरच्यांनी उत्तर सांगण्याची घाई करू नये. बोटांवर मोजू द्यावे.



सद्यस्थिती : केंद्राचे ‘निपुण भारत’ अभियान 5 जुलै 2021 रोजी सुरू झाले. त्यातील लक्ष्ये : पहिलीत 99, दुसरीत 999, तिसरीत 9999 पर्यंतच्या संख्यांचे वाचन-लेखन.

मूल्यमापन : शंभरपर्यंत घडाघडा म्हणणे ही अपुरी कसोटी होय. ‘त्रेपन्न काड्या दे’ म्हटल्यावर मूल पाच गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या उचलून देत असेल, तर त्याला त्रेपन्न आले असे मानावे.