आपत्तीच्या साली जन्मलेली लेकरे

आपल्या मंडळ्यांतील वयोवृद्धांस त्यांचे वय विचारले असता पूर्वी तारीख क्वचितच मिळे. मिळे ते एखाद्या आपत्तीचे नाव. कोणी प्लेगाच्या साली जन्मलेला, कोणी मोठ्या दुष्काळातला, कोणी मानमोडीच्या साथीतला. बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवह्या भरून घेताना वा तपासून पाहताना पाळकांस व उपदेशकांस हा अनुभव वारंवार आलेला आहे. इतिहासलेखकाच्या दृष्टीने ही कालगणना ढोबळच. तथापि ज्या साली घरोघर माणसे दगावली, त्याच सालाची खूण लोकांनी एका जन्मापाशी का बांधून ठेवावी, हा प्रश्न ईश्वरविज्ञानाच्या अभ्यासकाने टाळण्यासारखा नाही. २०२० व २०२१ या वर्षांच्या महामारीत जेव्हा मंदिरांची दारे बंद होती आणि बाप्तिस्मे लांबणीवर पडले, तेव्हा हा प्रश्न आपणां सर्वांच्या दाराशी पुन्हा येऊन उभा राहिला. अशा दिवसांत मूल जन्माला घालावे काय, असे तरुण दांपत्ये आपणांस विचारतात. आणि आपण घाईघाईने काही गोड बोलून मोकळे होतो.

हैदराबाद शहरापुरते बोलायचे तर असे आपत्तीचे साल म्हणजे १९०८. त्या वर्षी २८ सप्टेंबर रोजी मुसी नदीला जो पूर आला, तो ‘तुग्यानी’ ह्या उर्दू शब्दाने आजवर ओळखला जातो. पाणलोटातील तलाव एकामागून एक फुटले आणि पाणी अफझलगंजाच्या वस्तीत शिरले. मृतांची संख्या पंधरा हजारांच्या घरात सांगितली जाते. अफझलगंजाच्या रुग्णालयाच्या आवारात एक चिंचेचे झाड होते. त्याच्या फांद्यांना धरून सुमारे दीडशे माणसे वाचली. पुढे उभारलेल्या उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात ते झाड अद्याप दाखविले जाते.

परंतु आम्हांस त्या झाडापेक्षाही पुराच्या मागाहून जे घडले ते अधिक विचारणीय वाटते. १९०९ साली निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांस पाचारण केले. पुन्हा असा पूर येऊ नये आणि शहरास पिण्याचे पाणी मिळावे, या दुहेरी हेतूने नदीच्या वरच्या अंगास जलाशय बांधण्याची योजना त्यांनी मांडली. मुसीवरचा उस्मानसागर १९२० साली पुरा झाला, ईसी नदीवरचा हिमायतसागर १९२७ साली. म्हणजे पुराच्या आठवड्यात जन्मलेले मूल बारा वर्षांचे झाले तेव्हा कोठे पहिला जलाशय तयार झाला. दुसऱ्या जलाशयास ज्या राजपुत्राचे नाव मिळाले, तो हिमायत अली खान १९०७ च्या फेब्रुवारीत जन्मलेला, म्हणजे पुराच्या वेळी दीड वर्षाचे तान्हे बाळ होता. राजघराण्याच्या नावांचे कौतुक करण्याचा आमचा हेतू नाही. मात्र लेकरांविषयीची आशा ही केवळ मनाची अवस्था नसून तिला दगडचुन्याचे, हिशेबाचे आणि वर्षानुवर्षांच्या श्रमाचे रूप द्यावे लागते, हे येथे डोळ्यांनी दिसते.

यशयाच्या सातव्या अध्यायातील प्रसंग या ठिकाणी सहजच आठवतो. अराम आणि इस्राएल यांची सैन्ये यरुशलेमेवर चालून येणार या वार्तेने आहाज राजा व त्याची प्रजा थरकापली होती. राजा वरच्या तळ्याच्या पाटाच्या तोंडाशी गेला होता. वेढा पडल्यास नगराच्या पाण्याचे काय, ही चिंता त्यास तेथे घेऊन गेली असावी, असे बहुतेक भाष्यकार मानतात. त्याला भेटण्यास यशया निघाला तो एकटा नव्हे, तर परमेश्वराच्या आज्ञेने आपल्या मुलासह. मुलाचे नाव शआर-याशूब, अवशेष परत येईल अशा अर्थाचे. इम्मानुएलाच्या चिन्हावर आपण दरवर्षी नाताळात बोलतो. परंतु त्याच्या आधी, त्याच अध्यायात, पाण्याच्या पाटाशी बापाचे बोट धरून उभे असलेले हे दुसरे मूल आपल्या उपदेशांतून बहुधा निसटून जाते. त्याचे नाव धमकीचे समजावे की वचनाचे, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. आमच्या मते ते दोन्ही आहे. पुष्कळ लोक परत येणार नाहीत हेही त्या नावात लपविलेले नाही.

नावांचा हा विषय आपल्या लोकांस परका नाही. आधीची लेकरे दगावली की पुढल्या मुलाचे नाव धोंडू, दगडू वा केरू ठेवावयाचे, म्हणजे मृत्यूची नजर त्याजवर पडणार नाही, ही चाल महाराष्ट्रात व मराठवाड्यात खोलवर रुजलेली होती. कित्येक मिशनऱ्यांनी तीस खुळचट समजून हसण्यावारी नेले. आम्हांस तसे हसवत नाही. ज्या आईने दोन लेकरे पुरली, तिने तिसऱ्यास दगड म्हणावे, यात तिचे काळीज किती भ्याले होते ते कळते. पवित्र शास्त्रातही फिनहासाची पत्नी मरता मरता आपल्या पुत्रास ईखाबोद म्हणते, आणि राहेल आपल्या पुत्रास बेनओनी, दुःखाचा पुत्र, म्हणते. याकोबाने मात्र ते नाव बदलून बन्यामीन केले. बापाने आईचे दुःख नाकारले असे नव्हे, कारण तिच्या कबरेवर त्यानेच स्तंभ उभारला; पण त्या दुःखाचे ओझे लेकराच्या नावावर त्याने राहू दिले नाही.

मराठी ख्रिस्ती इतिहासात या प्रकारचे सर्वांत बोलके नाव कोणते, असे आम्हांस कोणी विचारले तर आम्ही मनोरमा हे नाव सांगू. पंडिता रमाबाईंचे आईबाप १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातील दुष्काळात अन्नान्न करीत वारले. थोरली बहीण पटकीने गेली. उरला तो भाऊ श्रीनिवास. त्याच्यासह भटकत त्या १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या, आणि १८८० साली तोही ढाक्यास निवर्तला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह केला. १८८१ च्या एप्रिलात मुलगी झाली. मुलगी झाली की घरावर अवकळा यावी असे ते दिवस. आणि जिने आपले सारे माहेर गमावले होते, तिने त्या मुलीचे नाव मनाला आनंद देणारी असे ठेवले. दहा महिनेही झाले नाहीत तोच, १८८२ च्या फेब्रुवारीत, बिपिनबाबू पटकीने वारले.

या चरित्रातून लेकरू आले आणि दुःख सरले असा बोध कोणी काढू लागला, तर पुढचीच पाने त्यास खोटे पाडतील. १८८३ साली रमाबाई मुलीस घेऊन इंग्लंडास गेल्या. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तेथेच आत्मघात केला. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. आणि त्यानंतर लवकरच या लेकरावर अधिकार कोणाचा, हा वाद उभा राहिला. तेथील भगिनीसंघाने मनोरमेस जीव लावला, यात शंका नाही. परंतु रमाबाईंची मते चर्चच्या शिकवणीशी पुरती जुळत नाहीत, त्रैक्याविषयी त्यांस शंका आहेत, हे दिसताच मुलीस धर्मशिक्षण कोणी द्यावे, याची काळजी सिस्टर जेराल्डीन आदींस वाटू लागली. रमाबाईंनी आईचा हक्क सोडला नाही. हा पत्रव्यवहार १९७७ साली ए. बी. शाह यांच्या संपादनाखाली छापून आला आहे व तो प्रत्येक पाळकाने वाचावा. दोन्ही पक्ष प्रार्थनाशील, दोन्ही पक्षांस मुलीचे हित हवे. आणि तरीही मूल हे आपल्या आशेचे साधन व्हावे हा मोह दोन्हीकडे डोकावतो. बाप्तिस्म्याच्या वेळी आपण मूल आईबापांच्या हातून घेऊन पुन्हा त्यांच्याच हाती देतो, त्या क्षणभराच्या घेण्यादेण्याचा अर्थ आम्हांस या पत्रांतून अधिक उमगला.

रमाबाईंच्या घरी नवी लेकरे आली ती पुढे दुष्काळाच्या वाटेने. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेग असल्याने त्यांस शहरात ठेवणे शक्य नव्हते. म्हणून केडगावच्या माळावर झोपड्या उभ्या राहिल्या. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर मुक्तिसदनातील संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. जी स्वतः दुष्काळात पोरकी झाली होती, ती दुष्काळातल्या पोरक्यांची आई झाली. आलेल्यांपैकी सगळ्याच जगल्या असे मात्र नाही.

येथे यिर्मयाचे स्मरण करणे अवश्य आहे. बाबेलातील बंदिवानांस पाठविलेल्या पत्रात त्याने घरे बांधा, मळे लावा, मुलगे व मुली होऊ द्या, असे सांगितले. आणि हे सत्तर वर्षांचे काम आहे हेही सांगितले, म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांस परतीचा दिवस दिसणार नव्हता. हे पत्र आपण आवडीने वाचतो. परंतु त्याच यिर्मयास, सोळाव्या अध्यायात, तू या ठिकाणी बायको करू नको, तुला मुलगे व मुली होऊ नयेत, अशी आज्ञा झालेली आहे. ज्यास स्वतःचे मूल नाही, त्याच्याच लेखणीने इतरांच्या पाळण्यांस आशीर्वाद दिला. बाप्तिस्म्याच्या उपासनेत मागल्या बाकावर बसलेल्या, ज्यांची कूस रिकामी राहिली वा रिकामी झाली, अशा पतिपत्नींकडे पाहून बोलताना हे दोन अध्याय एकत्र वाचलेले असावेत, एवढेच आमचे सहकारी पाळकांस सांगणे आहे. मत्तयानेही ख्रिस्तजन्माच्या कथेत बेथलेहेमच्या आयांचा आकांत वगळला नाही.

मनोरमाबाई शिकून सवरून आईच्या कामात आल्या. केडगावास अंध मुलींच्या शिक्षणाकडे त्यांनी विशेष लक्ष दिले. १९१० नंतरच्या काही वर्षांत मुक्तिसदनाच्या कामाची एक शाखा निजामाच्या मुलखात गुलबर्ग्यास निघाली व तेथे शांतिसदन ही मुलींची शाळा उभी राहिली, तिचा भार त्यांनीच वाहिला. केडगाव, दौंड, सोलापूर, गुलबर्गा, वाडी आणि मग हैदराबाद, असा हा लोहमार्ग; मराठी, कानडी, उर्दू व तेलुगू बोलणारी माणसे एकाच डब्यात बसत. तुग्यानीला तेव्हा थोडीच वर्षे लोटली होती आणि उस्मानसागर अद्याप पुरा व्हावयाचा होता.

१९२१ च्या जुलैत मनोरमाबाई वारल्या, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी. जिच्यावर सारे काम सोपवावयाचे, ती आधी गेली. रमाबाईंच्या हाती तेव्हा मराठी बायबलाच्या भाषांतराचे शेवटचे काम होते; ते त्यांनी सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. तो मुक्तिसदनाच्याच छापखान्यात छापला गेला, आणि त्याचे खिळे जुळविणारे हात तेथे वाढलेल्या मुलींचे होते.