रिकाम्या वर्गातली हजेरी

शाळेला सुट्टी म्हटली की मुलांचा गलका आठवतो. पण मुलांना सुट्टी आणि शिक्षक मात्र रोज वेळेवर हजर, अशी शाळा तुम्ही कधी ऐकली आहे का? एक दिवस, दोन दिवस नव्हे, तर अख्खे वर्ष? अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्याच्या राजधानीत, लिटल रॉक शहरात, १९५८-५९ साली हे घडले. आज त्या शिक्षकांची गोष्ट सांगायची आहे.

लिटल रॉकचे नाव जगाला कळले ते त्याच्या आदल्या वर्षी. काळ्या आणि गोऱ्या मुलांसाठी वेगळ्या शाळा ठेवणे घटनाबाह्य आहे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये दिला होता. त्यानुसार सप्टेंबर १९५७ मध्ये नऊ कृष्णवर्णीय मुले सेंट्रल हायस्कूलच्या दारात आली. गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांनी सैनिक उभे करून त्यांना अडवले. अखेर राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी लष्कर पाठवले आणि २५ सप्टेंबरला ती मुले सैनिकांच्या पहाऱ्यात वर्गात गेली. त्या दिवसांची छायाचित्रे आपण पाहिली असतील. त्यांत जमाव दिसतो, सैनिक दिसतात, पुस्तके छातीशी धरलेली मुलगी दिसते. शिक्षक मात्र सहसा दिसत नाहीत. ते आत होते, वर्गात.

ही शाळा साधीसुधी नव्हती. १९२७ मध्ये सुमारे पंधरा लाख डॉलर खर्चून बांधलेली, एखाद्या राजवाड्यासारखी इमारत. प्रवेशद्वारावर चार पुतळे : महत्त्वाकांक्षा, व्यक्तिमत्त्व, संधी आणि पूर्वतयारी. आत सुमारे दोन हजार मुले. अशा मोठ्या अमेरिकन हायस्कूलचा कारभार आपल्याकडच्या कॉलेजसारखा चाले. इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे, परकीय भाषा यांचे स्वतंत्र विभाग आणि त्यांचे विभागप्रमुख. आपल्या शाळेत मुलांचा वर्ग ठरलेला असतो आणि घंटा झाली की शिक्षक बदलतात. तिथे उलट. खोली शिक्षकाची. घंटा झाली की मुले उठून इंग्रजीच्या खोलीतून गणिताच्या खोलीत जातात. शिक्षक आपल्या खोलीत, आपल्या नकाशांमध्ये, आपल्या पुस्तकांमध्ये बसलेला असतो.

एलिझाबेथ हकाबी या तिथे इंग्रजीच्या शिक्षिका होत्या आणि मुलींच्या उपमुख्याध्यापिकाही. त्या नऊ मुलांपैकी सहा मुली होत्या. त्यांना जिन्यावर ढकलले जाई, शिव्या दिल्या जात. तक्रार येई ती हकाबीबाईंच्या टेबलावर. त्या काही क्रांतिकारक नव्हत्या. मुलगी शाळेत आली आहे, तर तिला शिकता आले पाहिजे, एवढेच त्या आपले काम समजत. त्या वर्षाची हकिकत त्यांनी पुढे १९८० मध्ये पुस्तकरूपाने लिहिली.

नऊपैकी अर्नेस्ट ग्रीन हा मुलगा मे १९५८ मध्ये पदवीपत्र घेऊन बाहेर पडला. आता सारे सुरळीत होईल, असे वाटत होते. पण सप्टेंबरमध्ये गव्हर्नरांनी नव्या कायद्याचा आधार घेत शहरातली चारही सरकारी हायस्कुले बंद केली. २७ सप्टेंबरला मतदान झाले. एकत्र शिक्षण नको म्हणणारे १९,४७०, हवे म्हणणारे ७,५६१. म्हणजे शाळा बंद करायला शहरानेच कौल दिला. गंमत पाहा, रशियाच्या स्पुटनिकने हादरलेल्या अमेरिकेने त्याच महिन्यात, २ सप्टेंबरला, विज्ञान, गणित आणि परकीय भाषांच्या शिक्षणासाठी मोठा निधी देणारा कायदा केला होता. देशाला गणिताचे शिक्षक हवे होते आणि लिटल रॉकमध्ये गणिताचे शिक्षक रिकाम्या बाकांसमोर बसले होते.

कारण शिक्षकांचे करार झालेले होते. पगार चालू होता, म्हणून हजेरी सक्तीची. सुमारे ३,७०० मुले शाळेबाहेर आणि शिक्षक आपापल्या खोलीत. काहींनी सुरुवातीला दूरचित्रवाणीवरून धडे दिले. काहींना खालच्या वर्गांच्या शाळांत बदली शिक्षक म्हणून पाठवले जाई. बाकी वेळ घंटा, शांतता, पुन्हा घंटा. फक्त फुटबॉलचे सामने मात्र चालू राहिले!

गोऱ्या मुलांपैकी बहुतेकांनी दुसरी सोय पाहिली. कुणी नातेवाइकांकडे गेले, कुणी घाईघाईने उघडलेल्या खासगी शाळेत. कृष्णवर्णीय मुलांपैकी निम्म्यांच्या आसपास मुलांना कुठेच जागा मिळाली नाही. त्यांच्या हॉरेस मॅन हायस्कूलमधले शिक्षकही असेच रिकाम्या वर्गात बसून होते.

या कृष्णवर्णीय शिक्षकांची लढाई आधीची होती. शहरातल्या डनबार हायस्कूलच्या इंग्रजी विभागाच्या प्रमुख सू कवन विल्यम्स यांनी १९४२ मध्ये दावा लावला : काम तेच, मग पगार गोऱ्या शिक्षकांपेक्षा कमी का? त्यांची नोकरी गेली. खालच्या न्यायालयात त्या हरल्या, १९४५ मध्ये अपिलात जिंकल्या. पण इंग्रजी शिकवायला पुन्हा त्या शहराच्या शाळेत पाऊल टाकायला त्यांना १९५२ उजाडावे लागले.

आता आपण मे १९५९ मध्ये येऊ. शाळा मंडळावर सहा सभासद होते, तीन शाळा उघडाव्यात म्हणणारे, तीन वेगळेपणाचे कट्टर समर्थक. ५ मे रोजी बैठकीत वाद विकोपाला गेला आणि पहिले तिघे उठून गेले. उरलेल्या तिघांनी ४४ शिक्षक आणि कर्मचाऱ्यांचे करार पुढे चालू ठेवायचे नाहीत, असा ठराव केला. यादीत मुख्याध्यापक जेस मॅथ्यूज होते, उपमुख्याध्यापक जे. ओ. पॉवेल होते, हकाबीबाई होत्या. वर्षानुवर्षे शिकवणारी ही माणसे. कारण काय, तर एकत्र शिक्षणाविषयी सहानुभूतीचा संशय.

आणि जे आठ महिने घडले नव्हते ते तीन आठवड्यांत घडले. शहर उठले. पालक-शिक्षक संघांनी निषेध केला. 'ही हकालपट्टी थांबवा' म्हणत नागरिकांची संघटना उभी राहिली. शाळा उघडाव्यात म्हणून सप्टेंबरपासून झटणाऱ्या स्त्रिया तिच्या पाठीशी होत्याच. त्या घरोघर फिरल्या, फोन करत राहिल्या. २५ मे रोजी मतदान झाले आणि थोड्या फरकाने का होईना, त्या तीन कट्टर सभासदांना शहराने घरी पाठवले. जूनमध्ये शाळाबंदीचा कायदाही न्यायालयाने रद्द केला. १२ ऑगस्ट १९५९ रोजी वर्गांत पुन्हा मुले आली.

ही गोष्ट शिक्षकांच्या गौरवाची आहे, पण तेवढीच नाही. मुलांचे वर्ष बुडत असताना मतदारांचे बहुमत गप्प राहिले. सर्वाधिक नुकसान कृष्णवर्णीय मुलांचे झाले, तेव्हाही गप्प राहिले. आपल्या ओळखीच्या बाईंवर, आपल्या सरांवर गदा आली, तेव्हा पारडे फिरले. दुसऱ्याच्या मुलाचे दुःख आपल्याला उशिरा कळते. आपल्याला शिकवणाऱ्या माणसाचा अपमान मात्र लगेच कळतो. कदाचित म्हणूनच शहराच्या शहाणपणाला परतायची वाट शाळेच्या खोलीतून सापडली.

लढा तिथे संपला नाही. शिक्षकाने आपण कोणकोणत्या संस्थांचे सभासद आहोत याची यादी दिली पाहिजे, असाही एक कायदा आर्कान्सात होता. लिटल रॉकमध्ये पंचवीस वर्षे नोकरी झालेल्या बी. टी. शेल्टन या शिक्षकाने ती यादी द्यायला नकार दिला. डिसेंबर १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. एका मताचा फरक!

शाळा म्हणजे इमारत नव्हे, असे आपण सहज म्हणतो. लिटल रॉकमध्ये त्या वर्षी इमारत होती, पगार होता, घंटा होती, शिक्षकही होते. नव्हते फक्त 'हजर' म्हणणारे आवाज. ते आवाज परत यावेत म्हणून कुणीतरी नोकरी पणाला लावावी लागते. आपल्या शाळेतल्या एखाद्या बाई किंवा सर तुम्हाला आता आठवले असतील, तर त्यांच्या हजेरीपटातल्या सगळ्या नावांचीही आठवण ठेवा. शेवटच्या बाकावरच्या नावांचीसुद्धा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)