धाराशिवची लेणी : बौद्ध विहार, जैन मूर्ती आणि करकंडू राजाची कथा

अजिंठा-वेरूळच्या छायेत काहीशी उपेक्षित राहिलेली धाराशिवची लेणी बहुधा एकाच प्रश्नाभोवती चर्चिली गेली आहेत : ती बौद्ध की जैन? धाराशिव (उस्मानाबाद) शहराजवळ बालाघाटच्या डोंगरात कोरलेल्या या सात लेण्यांची पाहणी जेम्स बर्जेस यांनी 1875-76 मध्ये केली. त्यांचा अहवाल 1878 मध्ये प्रसिद्ध झाला. 1880 मध्ये फर्ग्युसन यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी या समूहाला जैन लेण्यांत स्थान दिले. त्यास आधारही सबळ होता. दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्याच्या गाभाऱ्यात नागफणांचे छत्र असलेली पार्श्वनाथांची भव्य मूर्ती आहे. पुढे म. के. ढवळीकर यांनी मात्र मूर्तीपेक्षा वास्तूच्या आराखड्याला महत्त्व दिले आणि मूळ खोदकाम वाकाटककालीन, म्हणजे पाचव्या शतकातील बौद्ध खोदकाम असल्याचे प्रतिपादन केले.

हा आराखडा बोलका आहे. मध्ये स्तंभयुक्त चौकोनी मंडप, तिन्ही बाजूंच्या भिंतींत निवासाच्या खोल्या आणि मागील भिंतीच्या मध्यभागी गाभारा, ही रचना अजिंठ्याच्या उत्तरकालीन विहारांची आहे. आरंभीच्या विहारांत केवळ भिक्षू राहत, पूजेचा स्तूप वेगळ्या चैत्यगृहात असे. पाचव्या शतकात बुद्धमूर्ती विहारातच आली. तथागत जणू संघासोबत एकाच छताखाली वर्षावास करीत आहेत, हा या रचनेचा प्रतीकार्थ होय. डोंगराची निवडही याच जीवनक्रमाशी सुसंगत आहे. गावाच्या कोलाहलापासून दूर, तरीही भिक्षेसाठी जाऊन परतता येईल इतके जवळ, असे स्थान संघाला हवे असे.

परिसरात बौद्ध धर्म नवा नव्हता. ईशान्येस तेरणा नदीकाठी असलेले तेर म्हणजेच प्राचीन तगर, हे जे. एफ. फ्लीट यांनी 1901 मध्ये दाखवून दिले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात तगर हे पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या अंतरावर सांगितले असून तेथील कापड गाड्यांतून भडोचला जात असल्याची नोंद आहे. तेर येथील त्रिविक्रम मंदिर मुळात विटांचे गजपृष्ठाकार चैत्यगृह होते, असे मानले जाते. 1960 च्या दशकातील उत्खननात तेथे चक्राच्या आऱ्यांप्रमाणे पाया रचलेला स्तूपही उजेडात आला. धर्मचक्राचा आकार येथे शिल्पात नव्हे, तर पायाच्या विटांत आहे.

या स्थळाची जैन स्मृती अकराव्या शतकातील कनकामर मुनींच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात आढळते. हिरालाल जैन यांनी संपादिलेले हे काव्य 1934 मध्ये कारंजा येथून प्रसिद्ध झाले आणि त्यातील तेरापूरच्या डोंगरावरील लेण्यांची ओळख धाराशिवच्या लेण्यांशी पटविण्यात आली. दक्षिणेकडे निघालेला करकंड राजा तेरापूरजवळ मुक्काम करतो. डोंगरावर अनेक स्तंभांचे एक लेणे आहे आणि एक हत्ती सोंडेत पाणी व कमळ आणून तेथील वारुळाची पूजा करतो, असे त्याला कळते. वारूळ खणल्यावर पार्श्वनाथांची मूर्ती सापडते. सिंहासनावरील एक गाठ राजाला खटकते. ती फोडल्यास पाणी उसळेल, असे कारागीर बजावतो, तरीही राजा ती फोडावयास लावतो आणि लेणे पाण्याने भरते. त्यानंतर तो नवी लेणी कोरवतो.

काव्य हे इतिहासाचे थेट साधन नव्हे, हे खरे. परंतु या कथेतील एक गोष्ट दुर्लक्षिता येत नाही : करकंडाने पहिले लेणे खोदले नाही, ते त्याला आढळले. म्हणजे खुद्द जैन कवीच्या मनातही हे स्थान करकंडापूर्वीचे, काही काळ विस्मृतीत गेलेले आणि पुन्हा पूजेत आलेले आहे. काव्य अर्थातच त्या पूर्वकाळालाही जैनच मानते, बौद्धांचा उल्लेख करीत नाही. पण पूजेत खंड पडल्याची आठवण त्यात टिकून आहे आणि ती आराखड्याच्या साक्षीला छेद देत नाही. म्हणूनच ‘बौद्ध की जैन’ हा पर्याय अपुरा ठरतो. एका परंपरेने खोदलेली वास्तू दुसरीने जिवंत ठेवली, हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

करकंडू हा तर दोन्ही परंपरांचा राजा. जैनांच्या उत्तराध्ययनसूत्रात कलिंगाचा करकंडू, पांचालाचा दुम्मुह, विदेहाचा नमी आणि गांधाराचा नग्गई या चार राजांनी राज्यत्याग केल्याचे सांगितले आहे. पाली कुंभकारजातकात हेच चौघे किंचित नामभेदाने प्रत्येकबुद्ध म्हणून येतात. वैराग्याचे निमित्त मात्र वेगळे. जातकातील करंडू फळांसाठी ओरबाडलेले आंब्याचे झाड पाहून विरक्त होतो, तर जैन टीकापरंपरेतील करकंडू एके काळच्या बलदंड बैलाचे जर्जर म्हातारपण पाहून. जैन परंपरेत आंब्याचे झाड नग्गईच्या वाट्याला आले आहे आणि जातकात बैल दुम्मुखाच्या.