लंडन ते पॅरिस : अंतर तेच, वेळ वेगळी

आपल्याकडे कुणाला अंतर विचारले तर उत्तर बहुधा तासांत मिळते. युरोपातल्या लंडन आणि पॅरिस या दोन राजधान्यांचा इतिहासही असाच तासांतच सांगावा लागतो. सरळ रेषेत मोजले तर दोहोंत सुमारे ३४४ किलोमीटर. पण मध्ये इंग्लिश खाडी आडवी पडलेली.

विसाव्या शतकाच्या आरंभी हा प्रवास आगगाडी, आगबोट आणि पुन्हा आगगाडी असा होई, आणि त्यात जवळजवळ सगळा दिवस मोडे. खाडी खवळलेली असली तर हाल विचारू नयेत! १३ मार्च १९१० रोजी स्वातंत्र्यवीर सावरकर पॅरिसहून याच वाटेने लंडनला आले आणि व्हिक्टोरिया स्टेशनवर पकडले गेले. त्याच्या आठच महिने आधी, २५ जुलै १९०९ ला, लुई ब्लेरिओ या फ्रेंच माणसाने स्वतः बांधलेल्या विमानातून सुमारे ३७ मिनिटांत खाडी ओलांडली होती. पण त्या विमानात बसायला जागा एकट्या वैमानिकाचीच.

महायुद्ध संपले आणि लढाईसाठी बांधलेली विमाने रिकामी झाली. २५ ऑगस्ट १९१९ रोजी लंडनजवळच्या हाउन्स्लो हीथ येथून असेच एक विमान पॅरिसच्या ल बूर्जे तळाकडे निघाले. लॉफर्ड वैमानिक आणि प्रवासी एकच. सोबत वर्तमानपत्रे, साय आणि शिकारीचे पक्षी! अडीच तासांत पोहोचले. रोजची आंतरराष्ट्रीय विमानसेवा सुरू झाली ती अशी. एका बाजूचे भाडे २१ पौंड, म्हणजे ही सामान्यांची गोष्ट नव्हतीच.

तेव्हा वाट दाखवायला आजच्यासारखी यंत्रे नव्हती. वैमानिक खालचे रस्ते आणि रूळ पाहत उडत. ७ एप्रिल १९२२ रोजी उत्तर फ्रान्समध्ये धुके होते. लंडनहून येणारे आणि पॅरिसहून जाणारे अशी दोन विमाने एकाच रस्त्यावरून, समोरासमोर आली. सातही जण गेले. प्रवासी विमानांची आकाशातली ही पहिली टक्कर. ‘आकाश केवढे मोठे’ असे आपण सहज म्हणतो. पण सगळेच एका रस्त्याच्या डोक्यावरून उडू लागले तर ते गल्लीएवढेच उरते. त्यानंतर विमानांसाठी मार्ग आणि नियम आखणे भागच पडले. आजही संकटातला वैमानिक ‘मेडे’ असा पुकारा करतो. तो शब्द लंडनच्या क्रॉयडन तळावरच्या मॉकफर्ड या रेडिओ अधिकाऱ्याने सुचवला. पॅरिसशी रोजचे बोलणे, म्हणून फ्रेंचांनाही कळेल असा: ‘मला मदत करा’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून घेतलेला.

पुढे जेट विमाने आली. आज वेळापत्रकात हे उड्डाण सुमारे सव्वा तासाचे दिसते, आणि त्यातलाही काही वेळ विमान जमिनीवरच सरकत असते. शिवाय तळ गावाबाहेर, तपासणीची रांग, सामानाची वाट. सव्वा तासाचे चार तास कधी होतात कळत नाही.

रेल्वेने नेमके हेच हेरले. १९९४ मध्ये खाडीखालचा पन्नास किलोमीटरांचा बोगदा खुला झाला आणि त्याच वर्षीच्या १४ नोव्हेंबरपासून युरोस्टार गाडी धावू लागली. सुरुवातीला तीन तास लागत. २००७ साली इंग्लंडच्या बाजूचा वेगवान मार्ग पूर्ण झाल्यावर सव्वादोन तास. गाडी शहराच्या पोटातून निघते आणि दुसऱ्या शहराच्या पोटात उतरवते. विमानाने जिंकलेली ही वाट बऱ्याच अंशी पुन्हा रुळांकडे गेली आहे. तुमची मुले-नातवंडे तिकडे असतील आणि पॅरिस पाहायचा बेत ठरलाच, तर तिकीट काढण्याआधी घरापासून घरापर्यंतचे तास मोजून पाहा.