कर्कशतेचा शोध : व्हॉल्व्ह-विवर्धकांच्या इतिहासातील एक प्रकरण

घरातील ध्वनियंत्राचा विवर्धक निर्वात नलिकांचा, म्हणजे व्हॉल्व्हचा असावा, त्याचे सर्व भाग तपासून निर्दोष ठरावेत, आणि तरीही व्हायोलिन तारसप्तकात गेले की कान किटावेत, हा अनुभव पुष्कळांच्या परिचयाचा आहे. अशा वेळी कोणी लाउडस्पीकरला दोष देतो, कोणी ध्वनिमुद्रिकेवरील सुईला, तर कोणी व्हॉल्व्ह बदलून पाहतो. दोष नेमका कोठे शोधावा याविषयीचे मत विसाव्या शतकात एकाहून अधिक वेळा बदलले. त्यांतील १९४५ ते १९५० या अल्प कालखंडाचा विचार येथे प्रामुख्याने करावयाचा आहे. कारण या काळात काही वर्षे खुद्द श्रोत्याचा कानच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होता.

१९४५ मध्ये हॉवर्ड चिन व फिलिप आयझेनबर्ग या अमेरिकन संशोधकांनी रेडिओश्रोत्यांच्या आवडीनिवडीवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. तेच संगीत कधी संकुचित, कधी मध्यम व कधी विस्तृत कंप्रता-पट्ट्यात ऐकविले असता बहुसंख्य श्रोत्यांनी विस्तृत पट्टा नापसंत केला. यावरून सामान्य माणसाला उच्च कंप्रतेचे स्वर मुळातच रुचत नाहीत, असा अर्थ काढणे सोपे होते, आणि तो काढला गेलाही. स्वस्त रेडिओ विकणाऱ्या कारखानदाराला हा अर्थ किती सोयीचा होता, हे सांगावयास नको.

या अर्थातील उणीव हॅरी ऑल्सन यांनी हेरली. चिन-आयझेनबर्ग यांच्या श्रोत्यांनी ऐकलेले सर्व संगीत यंत्रांतून गाळून आलेले होते. तेव्हा नापसंती उच्च स्वरांविषयी होती, की त्यांच्याबरोबर यंत्राने मिसळलेल्या कशाविषयी, हे त्यावरून ठरत नव्हते. ऑल्सन यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात यंत्रच वगळले. एक लहान वाद्यवृंद प्रत्यक्ष वाजत होता. वादक व श्रोते यांच्यामध्ये ५,००० आवर्तनांवरील ध्वनी अडविणारी, हवी तेव्हा बाजूस सारता येणारी ध्वनिगाळणी होती, आणि तिच्यापुढे दृष्टीला अडविणारा पण ध्वनीला न अडविणारा पडदा होता. सुमारे दोन-तृतीयांश श्रोत्यांनी पूर्ण पट्टा पसंत केला.

हा प्रयोग मला या विषयातील सर्वांत सुंदर प्रयोग वाटतो. संकुचित पट्ट्याच्या आवडीची तीन कारणे संभवत होती : रेडिओची जडलेली सवय, वाद्यांचे स्वतःचे नकोसे आवाज, आणि यंत्रातील विकृती. पहिली दोन कारणे खरी असती, तर प्रत्यक्ष वाद्यवृंदापुढेही श्रोत्यांनी संकुचित पट्टाच मागितला असता. तो त्यांनी मागितला नाही. म्हणून संशय तिसऱ्या कारणावर स्थिरावला. विकृतीतून निर्माण होणारे स्वर मुख्यतः मूळ स्वरांच्या वरच्या बाजूस पडतात. त्यामुळे वरचा पट्टा कापला की विकृतीही कापली जाते आणि कानाला बरे वाटते. रेडिओची ट्रेबलची कळ फिरवून मिळणारे समाधान ते हेच.

विकृती कमी करण्याचा उपाय त्याआधीच सापडलेला होता. २ ऑगस्ट १९२७ रोजी हॅरॉल्ड ब्लॅक हे हडसन नदी ओलांडणाऱ्या नावेतून कामावर जात असता त्यांना तो सुचला, आणि हातातील वृत्तपत्राच्या पानावर त्यांनी तो टिपून ठेवला. विवर्धकातून बाहेर पडणाऱ्या संकेताचा काही अंश उलट करून पुन्हा आत द्यावयाचा, म्हणजे विवर्धन घटते, पण त्याच प्रमाणात विकृतीही घटते. हाच निगेटिव्ह फीडबॅक. ब्लॅक यांच्यापुढचा प्रश्न दूरध्वनीच्या लांब तारांचा होता. घरगुती संगीतात या तत्त्वाचा कळस झाला तो डी. टी. एन. विल्यमसन यांच्या विवर्धकात. 'वायरलेस वर्ल्ड' मासिकाच्या एप्रिल व मे १९४७ च्या अंकांत त्यांनी त्याची रचना दिली. केटी-६६ या व्हॉल्व्हची जोडी ट्रायोडप्रमाणे जोडलेली, शक्ती १५ वॉट, फीडबॅक २० डेसिबेल, आणि विकृती एक-दशांश टक्क्याच्या आत. देशोदेशींच्या हौशी लोकांनी तो स्वतः बांधला.

येथून कथेला वळण मिळते. फीडबॅकचा संकेत उलटा असतो तोवरच तो उपकारक. अतिउच्च कंप्रतेला रोहित्रामुळे व इतर घटकांमुळे त्याची कला सरकत जाते, आणि ती अर्धे आवर्तन सरकली की उलटा संकेत सुलटा होतो. विल्यमसन यांनी फीडबॅकच्या वलयात शेवटचे रोहित्रही घेतले होते, म्हणून त्या रोहित्राविषयी त्यांचा आग्रह कडक होता. बांधणाऱ्याने तेथे काटकसर केली, की विवर्धक श्रवणमर्यादेच्या वर आपोआप आंदोलित होऊ लागे. ते आंदोलन ऐकू येत नाही. पण शेवटच्या व्हॉल्व्हची शक्ती त्यात खर्ची पडते, आणि वाद्यवृंद रंगात आला की नेमकी तेव्हाच कर्कशता उमटते. औषधानेच रोग झाला होता, आणि टक्केवारीच्या मापनात तो दिसेलच असे नव्हते.

टक्केवारीवरचा हा विश्वास १९५० मध्ये बीबीसीचे डी. ई. एल. शॉर्टर यांनी डळमळीत केला. विकृतीतील सर्व स्वर कानाला सारखे खटकत नाहीत, म्हणून प्रत्येकाला त्याच्या क्रमांकाच्या वर्गाच्या प्रमाणात वजन द्यावे, असे त्यांनी सुचविले. आपल्याकडील श्रोत्याला यात नवल वाटू नये. मूळ कंप्रतेची दुप्पट म्हणजे वरचा षड्ज, तिप्पट म्हणजे पंचम, पाचपट म्हणजे गंधार; तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार तो हाच. सातपट मात्र कोमल निषादाच्या किंचित खाली, सप्तकात न बसणारी. शिवाय दोन स्वर एकत्र वाजत असता त्यांच्या बेरजेचे व वजाबाकीचे जे स्वर विवर्धक निर्माण करतो, त्यांचे मूळ रागाशी बहुधा काही नाते नसते. अर्धा टक्का षड्ज आणि अर्धा टक्का बेसूर यांना एकच अंक देणारे माप कानाचे माप कसे ठरावे?

तथापि 'फीडबॅक नको, जुने ट्रायोडच बरे' हा जो पंथ पुढे निघाला, त्याचे म्हणणे अर्धेच खरे आहे. केवळ दुसऱ्या पटीची विकृती असलेल्या विवर्धक घटकाला थोडा फीडबॅक दिला, तर पूर्वी नसलेले वरच्या पटींचे स्वर उत्पन्न होतात, हे पीटर बॅक्झँडल यांनी १९७८ मध्ये दाखविले. पण फीडबॅक पुरेसा वाढविला की तेही घटत जातात, हेही त्यांनीच दाखविले. अपाय होतो तो अपुऱ्या किंवा अस्थिर फीडबॅकने.

म्हणून आज असा एखादा जुना विवर्धक दुरुस्तीस आला, तर व्हॉल्व्ह बदलण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. एका व्हॉल्व्हच्या प्लेटकडून पुढच्याच्या ग्रिडकडे जाणारा कागदी कंडेन्सर जुना झाला की गळतो. ग्रिडवर धन दाब चढतो, आणि व्हॉल्व्ह आपल्या योग्य कार्यबिंदूवरून ढळतो. प्लेटचा दाब शेकडो व्होल्ट असल्याने हे मापन बेताने करावे. दुसरी गोष्ट, ऑसिलोस्कोपवर चौकोनी तरंग पाहणे : त्याच्या कडेला लागून बारीक लहरी दिसल्या, तर शोध रोहित्र व फीडबॅकच्या वलयापासून सुरू करावा.