घुमट (दख्खनी इस्लामी वास्तुशैली)

चौकोनी दालनावर गोल छत पेलण्याची रचना. घुमट बांधताना गवंड्याची कसोटी लागते ती चार कोपऱ्यांत: तिथे खाली भिंत नसते आणि वरच्या वर्तुळाला टेकू तर हवा असतो. इराणमध्ये सासानी काळात कोपऱ्यात तिरपी कमान टाकून चौकोनाचा अष्टकोन आणि अष्टकोनाचे वर्तुळ करण्याची रीत रुळली. फिरोझाबादचा राजवाडा आणि चार कमानींवर घुमट तोललेली अग्निमंदिरे तिची साक्ष देतात. इस्लामी कारागिरांनी हीच रीत पुढे नेली.  

विटांचे प्रत्येक कडे पूर्ण झाले की ते स्वतःला सावरते, म्हणून घुमटाला कमानीइतका लाकडी साचा लागत नाही. मात्र पायथ्याशी घुमट बाहेर फाकू पाहतो. तो रेटा जिरवण्यासाठी भिंती जाड ठेवणे हा सोपा मार्ग. गुलबर्ग्याच्या बहमनी इमारतींत तोच दिसतो. आदिलशाहीत घुमट कमळपाकळ्यांतून उमलल्यासारखे वर उचलले गेले.

विजापूरच्या गोलघुमटात (मुहम्मद आदिलशाहाची कबर, मृत्यू १६५६) या प्रश्नाला मिळालेले उत्तर अजोड म्हणावे लागेल. सुमारे ४१ मी. बाजूच्या दालनात आठ कमानी एकमेकींना छेदत जातात आणि दोन तिरपे गुंफलेले चौरस तयार होतात. त्यांच्यामधले भाग आत झुकत वर एक गोल कडा घडवतात. त्या कड्यावर सुमारे ३८ मी. आतील व्यासाचा घुमट बसला आहे. आत झुकलेल्या या बांधकामाचे वजन घुमटाच्या बाहेरच्या रेट्याला परस्पर तोलते. घुमटाची जाडी सुमारे ३ मी.; विटांचे थर आडवे, चुन्याच्या जाड थरांत बसवलेले. मधे एकही खांब नाही. भोवतालच्या सज्जात केलेली कुजबुज समोरच्या टोकाला ऐकू येते. प्रवासी तिच्यासाठीच वर चढतात, पण डोळे लावून पाहावेत ते त्या कमानींच्या गुंफणीकडे.

औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्यात (सतरावे शतक, दिलरास बानू बेगमेची कबर) मोगल घाट आहे. खालचा पट्टा आणि घुमट संगमरवराचे, मधला भाग काळ्या दगडाचा व वर चुन्याचा गिलावा.

गोलघुमटाचा रचनाकार दाभोळचा याकूत, असे परंपरेने सांगतात. रत्नागिरी जिल्ह्यातील त्या बंदरावर आदिलशाही काळातलीच, १६५९-६० ची घुमटाची मशीद उभी आहे. लोक तिला अंडा मशीद म्हणतात.