पेशीला खाऊ

विचाराने हलणारा यांत्रिक हात बातम्यांत दिसला की सोबत एखाद्या बड्या कंपनीचं नाव असतंच, आणि वाटतं की ही सगळी कालपरवाची करामत. या विद्येचं खरं कूळ मात्र १९६९ सालच्या सिअ‍ॅटलमध्ये सापडतं. त्याचं मूळपीठ त्याहून शंभर वर्षं मागे, बर्लिनमध्ये.

१८७० साली गुस्ताव फ्रिच आणि एडुआर्ड हिट्झिग या दोघांनी कुत्र्याच्या उघड्या मेंदूला विजेचा अगदी हलका स्पर्श केला, आणि शरीराच्या दुसऱ्या बाजूचा पाय हलला. मेंदूच्या वरच्या थराला डिवचलं तरी काही होत नाही, असं तोवर बहुतेक विद्वान ठामपणे सांगत. प्रयोगाला विद्यापीठात जागा मिळेना, म्हणून तो हिट्झिगच्या घरी, बायकोच्या शृंगाराच्या टेबलावर उरकला, असं सांगतात. वीज किती द्यायची? तार आपल्याच जिभेच्या शेंड्याला लावायची, जेमतेम जाणवेल इतकी पुरे. प्रयोगशाळा म्हणतात ती एवढीच.

पण मेंदूला बाहेरून डिवचणं निराळं आणि तो स्वतःहून काय करतो ते ऐकणं निराळं. ऐकण्याची सोय केली ती केंब्रिजच्या एडगर एड्रियन यांनी, १९२०च्या दशकात. रेडिओतल्या व्हॉल्व्हनी चेतातंतूंतले क्षीण विद्युत्‌स्पंद वाढवून त्यांनी ते लाऊडस्पीकरवर सोडले. टक्, टक्, टकटक. प्रत्येक टक् सारख्याच उंचीची. जोर वाढला की त्या फक्त दाट होतात. या कामासाठी १९३२चं नोबेल त्यांना शेरिंग्टन यांच्या जोडीने मिळालं.

मग अडलं सुईपाशी. जागत्या, हलत्या जनावराच्या मेंदूत एकाच पेशीशेजारी टिकून राहील अशी सुई हवी. १९५७ साली डेव्हिड ह्यूबेल यांनी टंगस्टनची तार विजेच्या साहाय्याने झिजवून अतिसूक्ष्म टोकाची केली आणि टोक सोडून बाकीची लाखेसारख्या लेपाने झाकली. ह्यूबेल पुढे दृष्टीच्या अभ्यासाकडे वळले. सुई मात्र हालचालीचा अभ्यास करणाऱ्यांनी उचलली. त्यांतले अग्रणी म्हणजे अमेरिकेत बेथेस्डाच्या सरकारी संशोधन संस्थेतले एडवर्ड एव्हार्ट्स. त्यांनी माकडांना एक दांडी मागेपुढे करायला शिकवलं आणि त्याच वेळी मेंदूतल्या पेशी ऐकल्या. पेशी स्नायूच्या आधी बोलतात, हे कळलं. मग त्यांनी दांडीला वजनं लावली: हात त्याच जागी, पण जोर कमी-जास्त. बऱ्याच पेशींची टकटक हाताच्या जागेपेक्षा लावलेल्या जोरामागे धावत होती. मला हा प्रयोग या साऱ्या इतिहासातला सर्वांत देखणा वाटतो. काही वजनांत, जागा की जोर, या मोठ्या प्रश्नाचे दोन तुकडे झाले.

इथवर सगळे ऐकतच होते. एबरहार्ड फेट्झ मूळचे भौतिकशास्त्राचे. १९६९ साली सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांनी जुळणी फक्त फिरवली. माकडाने दांडी हलवली की खाऊ, ही तोवरची पद्धत. फेट्झ यांनी खाऊ जोडला तो थेट पेशीला. तिची टकटक वाढली की खाऊची गोळी खाली पडणार. टकटक किती वाढली ते माकडाला कधी आवाजाने कळे, कधी समोरच्या मीटरच्या काट्यावरून. हाताने काही करायचं नाही, कुणी काही सांगायचं नाही. काही बैठकांनंतर ही माकडं नव्याने सापडलेल्या पेशीचीही गती पूर्वीपेक्षा ५० ते ५०० टक्क्यांनी वाढवू लागली. माकडांना या कामाबद्दल काय वाटलं ते अर्थातच निबंधात नाही. कवटीला यंत्र जोडलेल्या जनावराची बाजू तेव्हाच्या लिखाणात सहसा नसतेच.

एक शंका उरली होती. माकड गुपचूप हात आवळत असेल आणि पेशी त्याच्या मागून बोलत असेल तर? १९७१ साली फेट्झ आणि त्यांचे सहकारी फिनोकिओ यांनी अट घातली: पेशी बोलली पाहिजे, पण स्नायू गप्प राहिले पाहिजेत. माकडाने तेही जमवलं. एरवी स्नायूबरोबर बोलणारी पेशी खाऊसाठी त्याच्याशी फारकत घेऊ शकली.

पुढचं भराभर सांगता येतं. १९८०च्या दशकात जॉन्स हॉपकिन्समध्ये अपोस्तोलोस जॉर्गोपूलोस यांनी दाखवलं की एकेका पेशीची एक आवडती दिशा असते आणि अनेकींची बेरीज केली की हात कुठे चाललाय ते कळतं. यूटा विद्यापीठात रिचर्ड नॉर्मन यांनी ४ मिलिमीटरच्या चौकोनावर शंभर सुया उभ्या केल्या; मनात अंधांना दृष्टी देण्याचा विचार होता. तोच चौकोन २००४ साली मानेखाली लुळ्या पडलेल्या एका तरुणाच्या मेंदूत बसवला गेला. संगणकावरचा बाण हलवून तो ईमेल उघडू लागला.

फेट्झ मात्र आपला धागा सोडून गेले नाहीत. २००८ साली त्यांच्या प्रयोगशाळेने माकडाच्या हाताच्या नसा औषधाने बधिर केल्या, मेंदूतल्या एका पेशीची टकटक संगणकातून घेतली आणि तिच्या प्रमाणात थेट मनगटाच्या स्नायूला वीज दिली. मनगट माकडाच्या मर्जीने वळू लागलं. पेशी निवडताना ती पूर्वी मनगटाशी निगडित होती की नाही हे बघितलेलं नव्हतं. निगडित असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही प्रकारच्या पेशींनी काम जवळपास सारखंच चालवलं.